छत्तीस इंचांचं टेबल

३ फेब्रुवारी

ती. आत्यास साष्टांग नमस्कार,

फोनवर तू म्हणालीस की मापं फोनवर बोलायची नसतात, या कानातून त्या कानात जाईपर्यंत त्यातलं इंचभर गळतं. म्हणून कागदावर लिहितोय. तुझा पाय प्लास्टरमध्ये असला तरी तोंड मोकळं आहे हे ऐकून घरात सगळ्यांना हायसं वाटलं.

गोष्ट बाबांची आहे. आयुष्यभर त्यांनी दुकानात जमिनीवर मांडी घालून कापड बेतलं, हे तुला माहीतच आहे. आता गुडघे दुमडत नाहीत. खाली बसले तर दोघांनी धरून उठवावं लागतं आणि ते त्यांना सोसत नाही. म्हणून मी बाजारातून तयार टेबल आणलं. म्हटलं, उभ्यानं बेततील. पहिल्याच दिवशी एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं कापड पसरलं. बाबांनी कात्री लावली आणि टेबल हललं. कापड सावरायला गेले तर ते टेबलाच्या कडेच्या कुसळाला अडकलं आणि एक धागा लांबच्या लांब ओढला गेला.  बाबांनी कात्री पुसून खोक्यात ठेवली, घडी घातलेलं कापड माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "माझं बेतणं जमिनीवर होतं. जमीन सुटली, बेतणंही सुटलं." घरी गेले ते गेलेच. त्यानंतर दुकानाची पायरी चढलेले नाहीत. दिवसभर खिडकीशी बसतात आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांचे खांदे बघतात. त्या कोटाचा मालक भला माणूस आहे. म्हणाला, "म्हातारे येतील तेव्हाच बेता, मला घाई नाही." ते कापड फडताळात तसंच आहे.

मी शिवतो बरा, पण बेततो जेमतेम. गिऱ्हाईक आरशात कॉलर बघतं आणि विचारतं, "वडील आजारी आहेत का?"

मी आता स्वतःच्या हातानं टेबल करायचं ठरवलंय. न हलणारं, न ओरखडणारं, बाबांच्या उंचीचं. ते आलं की बाबा येतील, असं मला वाटतं. नाही आले तर दुकान माझ्या भरवशावर राहील, आणि माझा भरवसा मला माहीत आहे. रविवारनंतर वखारीत जाणार आहे. लाकडाबद्दल मला इतकंच ठाऊक आहे की ते पाण्यावर तरंगतं. वखारीत पाऊल टाकायच्या आधी काय ते शिकव.

तुझा,
बटण


७ फेब्रुवारी

चि. बटण यास अनेक आशीर्वाद,

पत्र पोचलं. तुझ्या बापाला मी त्याच्या जन्मापासून ओळखते. तो जमिनीसाठी हटून बसलेला नाही, त्या टेबलावर रुसलाय. चांगलं टेबल समोर आलं की आपला रुसवा कुठे ठेवावा हे त्यालाच कळणार नाही. तेव्हा टेबल चांगलं झालं पाहिजे, आणि ते होणार. मला तरी कुणी शिकवलं होतं? मी वसतिगृहात स्वयंपाकाला होते, तिथे मोडक्या खुर्च्या यायच्या चुलीत घालायला. त्या चुलीत जाण्याआधी उलट्या करून त्यांचं पोट बघायची मी. पुढे त्या चुलीत जायच्याच बंद झाल्या.

तू घाबरू नकोस. लाकूड म्हणजे कापडाचा थोरला भाऊ. दोघांनाही उभा आणि आडवा असतो. फळीवर ज्या रेषा दिसतात तो तिचा उभा धागा. पायाच्या लाकडात त्या रेषा वरपासून खालपर्यंत सरळ हव्यात. तिरक्या रेषांचा तुकडा म्हणजे उरेब कापलेलं कापड. झगा शोभेल, पण वजन घ्यायला उपयोग नाही.

दोघंही आटतात. फक्त तुझं कापड भिजल्यावर आटतं आणि लाकूड वाळल्यावर. म्हणून ओलं लाकूड घेऊन टेबल केलंस तर ते तुझ्या दुकानात बसून आटत राहील, सांधे ढिले होतील आणि टेबल पुन्हा डुलू लागेल. मग तुझा बाप पुन्हा खिडकीत. एकाच मापाचे दोन तुकडे दोन हातांत धर. एक जड लागला तर त्यात पाणी आहे. वाळलेलं लाकूड बोटाच्या पेरानं वाजवलं की टणक बोलतं, ओलं लाकूड तोंडात घास असल्यासारखं बोलतं. वखारवाला शपथ घेईल की वाळलेलं आहे. घेऊ दे. तू वाजव.

मग तुकड्याचं एक टोक डोळ्याशी धर आणि सुईत दोरा ओवताना मिटतोस तसा एक डोळा मिटून दुसऱ्या टोकाकडे बघ. बाक असेल तर दिसेल. बाकापेक्षा पीळ वाईट. बाक रंध्यानं काढता येतो. पिळाचं लाकूड मात्र हट्टी सुनेसारखं आणि हट्टी सासूसारखं, दोन्ही एकदम. ते परत ठेवून दे.

आता कुठलं घ्यायचं? वखारवाला साग दाखवेल, पाइन दाखवेल आणि चार नावं अशी सांगेल की जी मलाही ठाऊक नाहीत. साग म्हणजे सुटाचं कापड आणि पाइन म्हणजे रोजचा शर्ट. चारही पाय सागाचे घे, तीन बाय तीनचे. पायांना जोडणारी चौकट पाइनची चालेल, एक बाय चारच्या पट्ट्यांची. पण पाइनच्या गाठींतून डिंक गळतो. पांढऱ्या कापडावर त्याचा डाग पडला तर तो धोब्याच्या बापालाही निघत नाही. म्हणून पाइन खालीच राहू दे, कापडाला त्याचा स्पर्श नको. वरचा पृष्ठभाग प्लायचा कर, पाऊण इंची. प्लायमध्ये एक पापुद्रा उभा, एक आडवा असे चिकटवलेले असतात, म्हणून ते वाकायला बघत नाही. त्याचं शीट आठ बाय चार फुटांचंच येतं. तुझ्या दुकानात सहा बाय तीनच्या वर काही मावत नाही, तेव्हा तेवढं कापून घे आणि उरलेल्यातून खाली चिंध्यांसाठी खण कर. प्लायची कापलेली कड मात्र कुसळाळ असते. बाजारच्या टेबलानं तिथेच घात केला. चारही कडांना सागाची बारीक पट्टी लाव, गोल घासलेली. खिशात रेशमाची चिंधी ठेव. कड घासून झाली असं वाटलं की चिंधी तिच्यावरून ओढ. जिथे अडकेल तिथे अजून घास. हाताला कळत नाही ते रेशमाला कळतं.

माप सांगायची रीतही शिकून जा, नाहीतर तोंड उघडल्याबरोबर नवखा म्हणून ओळखतील. आधी जाडी, मग रुंदी, दोन्ही इंचांत. लांबी शेवटी, फुटांत. आणि तीन बाय तीन म्हटलं म्हणजे तुला तीन बाय तीन मिळेल असं समजू नकोस. ते करवतीचं माप. रंधा मारला की प्रत्येक अंगानं थोडं जातं आणि हातात पावणेतीन उरतं. विचार, "हे माप रंध्याआधीचं की नंतरचं?" एवढं विचारलंस की तो सरळ बसेल. तू शिवणीसाठी माया ठेवतोस तशी इथे रंध्यासाठी ठेवायची.

उंचीचं सांगते. बापाला अनवाणी उभा कर, कोपरात हात वाकवायला लाव. कोपराच्या चार बोटं खाली टेबल आलं पाहिजे. त्याहून उंच झालं तर खांदे कानाशी जातील, ठेंगणं झालं तर कंबर जाईल. पण वखारीतून पाय अर्धा फूट लांबच आण. घरी आणून बेत. कापलेलं जोडता येत नाही, हे शिंप्याला मी सांगायला नको.

तुझी,
आत्या


१५ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न.,

जाऊन आलो. पत्र वरच्या खिशात होतं, पण बाहेर काढावं लागलं नाही. सगळं पाठ होतं.

आधी बाबांचं माप. सरळ सांगितलं असतं तर ते उभेच राहिले नसते. म्हणून म्हटलं, "तुमच्यासाठी कोट शिवतोय, माप देता का?" उभे राहिले. त्यांचाच जुना टेप होता, खुंटीवरचा. कोपर वाकवून घेतलं आणि चार बोटं सोडून थेट जमिनीपर्यंत टेप सोडला. छत्तीस भरलं. बाबा वरून बघत होते. म्हणाले, "कोट जमिनीला टेकणार आहे का?" मी म्हटलं, लांब कोटाची नवी तऱ्हा आली आहे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी शाळेत नापास झालो होतो तो दिवस आठवला.

वखारीत शिरल्याशिरल्या मी शोभा करून घेतली. फळीवर हात ठेवून विचारलं, "याचा पन्हा किती?" वखारवाला कानावरची पेन्सिल काढून हसला आणि म्हणाला, "शिंपीदादा, इथे रुंदी असते." पण मग मी विचारलं, रंध्याआधीचं माप की नंतरचं? हसू थांबलं. त्यानं दाखवलेल्या पायांपैकी दोन मी परत केले. एकात पीळ होता आणि एक वाजवला तर तोंडात घास असल्यासारखा बोलला. त्याचा माणूस त्याला म्हणाला, हे कुठलं गिऱ्हाईक आलंय? मला असा अभिमान वाटला की तुझं प्लास्टर समोर असतं तर त्यावर सही केली असती.

आणि ऐक, पाय तिथेच कापून घेतले. तू म्हणाली होतीस घरी बेत, पण यंत्राची करवत समोर होती. लोण्यातून सुरी जावी तशी गेली. चारही पाय पोलादी टेपनं मोजून छत्तीस छत्तीस इंच. माझ्या हातच्या करवतीनं ते चार गावांना गेले असते. आता दुकानात चौकट जोडायला घेतली आहे. शटर अर्धं ओढून काम करतो. घरी कुणाला सांगितलेलं नाही.

तुझा,
बटण


१८ फेब्रुवारी

चि. बटण यास आशीर्वाद,

पीळ ओळखलास, रंधा विचारलास, फार बरं वाटलं. पण तू शिंपी तो शिंपीच. कापडाला जाडी नसते आणि लाकडाला असते, हे तू विसरलास. छत्तीस इंचांवर टेबल हवं, तर पाय छत्तीस इंचांचे कसे चालतील? त्यांच्यावर पाऊण इंचाचं प्लाय बसणार ना? म्हणजे टेबल झालं पावणेसदतीस. पाऊण इंच ऐकायला काही नाही, पण दिवसभर खांदे उचलून कात्री धरणाऱ्याला विचार. तुझा बाप पाच मिनिटं उभा राहील, "बघ, म्हणत होतो ना" म्हणेल आणि कायमचा निघून जाईल. त्याला कारण हवंच आहे. आपण ते आयतं द्यायला नको.

घाबरण्यासारखं यात काही नाही. उंच कमी करता येतं, एवढी देवाची कृपा. टेबल सपाट जमिनीवर उभं कर. प्लायचा एक उरलेला तुकडा पायाशी आडवा ठेव आणि त्याच्या वरच्या कडेनं पेन्सिल पायाभोवती फिरव. तुकडा पाऊण इंची आहे, तेव्हा खूणही पाऊण इंचावर येईल. चारही पायांना तोच तुकडा लाव, टेपला हात लावू नकोस. मग टेबल उलटं करून खुणेवर काप. सावकाश, जिभेचं टोक दातात धरून.

झाल्याबरोबर लिही. मला इथे पायाला खाज आणि जिवाला घोर.

तुझी,
आत्या


२४ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न.,

कापलं नाही. का ते सांगतो. आधी खाली बस. बसलेलीच असशील म्हणा.

तुझं पत्र आलं तेव्हा टेबल पूर्ण झालं होतं. कडेच्या पट्ट्या लागल्या होत्या आणि रेशमाची चिंधी चारही कडांवरून लोण्यासारखी जात होती. तू म्हणालीस तशा खुणा केल्या, टेबल उलटं केलं. चारही पाय वर करून ते पडलेल्या झुरळासारखं दिसत होतं. पहिल्या पायाला करवत लावली, दोन हात मारले, तेवढ्यात अर्ध्या शटरखाली दोन पाय दिसले. चपला ओळखीच्या होत्या.

बाबा वाकत नाहीत, म्हणून मी धावत जाऊन शटर वर केलं. आले होते कोटासाठी. माप घेऊन इतके दिवस झाले, कापडाचा पत्ता नाही. त्यांची खात्री होती की मी एव्हाना चुकीचं बेतून बसलो असेन. निदान कॉलर वाचवावी म्हणून चालत आले. तेवढं अंतर चालत, आत्या.

त्यांनी कोटाऐवजी हे बघितलं. विचारलं, काय चाललंय? मी म्हटलं, पाय पाऊण इंच कापायचेत. कुणी सांगितलं? आत्यानं. तिनं कुठून बघितलं?  मग म्हणाले, उभं कर.

उभं केलं. त्यांनी चपला काढल्या आणि टेबलाशी गेले. दोन्ही तळवे टेकून सगळा भार टाकला, आधी पुढे, मग बाजूला. हललं नाही. अंगठा कडेवरून फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग कात्री धरल्यासारखा हात केला आणि हवेतच लांब कापत नेलं, जसं जमिनीवर बसून न्यायचे तसं. खांदे खालीच होते. मी खांद्यांकडेच बघत होतो.

"बरोबर आहे," बाबा म्हणाले. "करवत ठेव."

मी म्हटलं, कसं बरोबर असेल, हिशेबानं पाऊण इंच जास्त आहे. तर म्हणाले, माप कशानं घेतलंस? खुंटीवरच्या टेपनं. आणि लाकूड? वखारीच्या पोलादी टेपनं. माझ्याकडे आता पोलादी टेप आहे, वखारवाल्याच्याच सांगण्यावरून घेतलेला. बाबांनी दोन्ही मागितले, टेबलावर शेजारी शेजारी पसरले आणि टोकाला टोक लावलं. जुन्या टेपचा छत्तीसचा आकडा पोलादी टेपच्या पावणेसदतीसवर आला. इतकी वर्षं गळ्यात लटकून, माणसांभोवती ओढला जाऊन तो ताणला गेलाय. म्हणजे बाबांचं खरं माप पावणेसदतीसच होतं. मी एकीकडे पाऊण इंच हरवलं आणि दुसरीकडे विसरून परत मिळवलं.

मी विचारलं, टेप खोटा आहे हे तुम्हाला माहीत होतं? मग कपडे कसे बसायचे?

"हा टेप माणसाशी जेवढं खोटं बोलतो तेवढंच कापडाशी बोलतो," बाबा म्हणाले, "म्हणून कपडा खरा होतो. यानं माणूस मोजावा आणि त्याच माणसाचं कापड मोजावं. तिसऱ्याच्या घरात याला नेऊ नये."

मग टेप गळ्यात टाकला आणि म्हणाले, माझ्या कोटाचं कापड आण. आता लपवण्यात अर्थ नव्हता. सांगितलं की कोट नाहीच, माप टेबलाचं होतं. रागावतील असं वाटलं. ते फक्त म्हणाले, तरीच लांब कोटाची तऱ्हा. आणि बोटानं फडताळ दाखवलं.

त्या गिऱ्हाइकाच्या कोटाचं कापड, आत्या. ज्याचा धागा ओढला गेला होता ते. टेबलावर पसरलं, दोनदा फिरवून बघितला, खडूनं रेघा मारल्या. ओढलेला धागा त्यांनी नेमका काखेखालच्या शिवणीत जाईल असा बेतला. पुढे कधी कुणाला दिसणार नाही. मग कात्री लावली. तो आवाज तुला आठवतो ना, जाड कापडातून त्यांची कात्री जाताना होतो तो?

आज सकाळी बाबा शेजाऱ्याला घेऊन माझ्याआधी निघाले. मी दुकानात पोचलो तर शटर उघडं होतं.

तुझा,
बटण


२६ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.,

पोराचं पत्र गेलं असेलच. त्यात त्याची चूक त्यानं सांगितली असेल. तुझी मी सांगतो. न बघता पाय कापायला लावत होतीस. एका पायावर करवतीची खाच राहिली आहे. तो ती बुजवतो म्हणाला, मी नको म्हटलं. गिऱ्हाईक विचारतं हे काय, तर मी सांगतो, माझ्या थोरल्या बहिणीचा हुकूम इथपर्यंत आला होता.

टेबल उत्तम आहे. हे तुला लिहून देतो, तोंडी मागू नकोस.

एक मात्र मला अजून उमगलं नाही. मी उभ्यानं बेतू शकेन हे तुम्हा दोघांना कसं ठाऊक होतं? मला नव्हतं.

आता कामाचं. तुझा पाय बरा झाला की तू पुन्हा लाकडात शिरशील आणि जुन्याच साडीला भुसा पुसशील. तुझ्यासाठी कामाचा कोट बेततोय. पुढे दोन मोठे खिसे, एक पेन्सिलीचा, रंधा मारताना अडणार नाहीत अशा बाह्या. कापड जाड आहे, तुझ्यासारखंच टिकाऊ. मापं हवीत. तुझ्या पोलादी टेपनं घेऊ नकोस. त्या मापांवर मी माझ्या टेपनं बेतलं तर कोट ढगळा होईल आणि म्हातारपणी याचा हात गेला असं तू गावभर सांगशील. म्हणून या पाकिटात माझा टेप घातलाय. त्यानं माप घे. पोट आत ओढू नकोस, मला कळतं.

तोवर मी पोराच्या नव्या टेपनं भागवतो. माणसंही त्यानंच मोजतो आणि कापडही, तेव्हा भांडण नाही. प्लास्टर या महिनाअखेरीस निघतंय असं ऐकलं. टेप पोस्टानं परत धाडू नकोस. गळ्यात घालून ये.

तुझा धाकटा भाऊ